सिडनी–जोहान्सबर्ग : जाताना ६ तास आणि येताना पावणेवीस तास, हे काय गणित आहे?

गोंधळलेला_प्रवासी

मंडळी, जुलैमध्ये सिडनीहून जोहान्सबर्गला जायचंय, डायरेक्ट फ्लाइट बघतोय आणि डोकं चक्रावलंय. तिकिटाच्या पानावर जाताना सकाळी १० ला निघून दुपारी ४ ला पोचणार असं लिहिलंय, त्याच दिवशी. येताना मात्र संध्याकाळी ६ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनला. म्हणजे एकीकडे सहा तास आणि दुसरीकडे जवळजवळ वीस! टाईम झोनचा घोळ असणार हे कळतंय, अगदीच बाळबोध नाहीये मी, पण तो काढून टाकला तरी जाताना १४ तास आणि येताना पावणेबाराच तास येतात. सव्वादोन तासांचा फरक, तोही डायरेक्ट फ्लाइटमध्ये, मध्ये कुठे थांबणं नाही की विमान बदलणं नाही.

त्यात अजून भर म्हणजे अंतर दाखवणाऱ्या ज्या साईट्स असतात ना, त्यातली एक ११,०४० किमी म्हणते, दुसरीवर नकाशात सरळ रेघ ओढून मोजलं तर ११,९०० च्या आसपास येतं. आणि अंतरवाली साईट फ्लाइट टाईम साडेबारा तास सांगते, दोन्ही बाजूंना तोच. नक्की कोण बरोबर? आणि जाताना विमान लांबच्या रस्त्याने जातं का? का जाताना मुद्दाम हळू चालवतात?

---

खवचट

मुद्दाम हळू चालवतात, म्हणजे तुम्हाला दोनदा जेवण देता येतं.

---

रिकामा_वेळ

अहो सोपं आहे, पृथ्वी फिरते ना. विमान हवेत असताना खाली पृथ्वी फिरत राहते, त्यामुळे एका बाजूला जाताना गाव जवळ येतं आणि दुसऱ्या बाजूला लांब जातं. शाळेत शिकवलेलं.

---

नकाशावेडी

@रिकामा_वेळ, हे कुठल्या शाळेत शिकवतात ते एकदा सांगा 😀 पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तुमचं म्हणणं खरं असतं तर सिडनीहून निघालेल्या विमानाकडे जोहान्सबर्ग स्वतःच धावत आलं असतं, कारण ते पश्चिमेला आहे, म्हणजे जातानाचा प्रवास छोटा व्हायला हवा होता. इथे बरोब्बर उलटं आहे, जातानाच जास्त वेळ लागतोय. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमीने फिरते, विमान धावतं ९०० ने, तेव्हा ही थिअरी खरी असती तर पूर्वेकडे जाणारं विमान कधी पोचलंच नसतं. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं, विषय संपला.

आता मूळ प्रश्न. आधी अंतराचं बघू, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत.

११,०४० च्या आसपासचा आकडा बरोबर आहे. ते गोलावरचं सगळ्यात कमी अंतर, ग्रेट सर्कल म्हणतात त्याला. साईटनुसार दहावीस किमी इकडेतिकडे होतं कारण कोणी पृथ्वी अगदी गोल धरतं, कोणी ध्रुवांपाशी थोडी चपटी धरतं, कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं तर कोणी एअरपोर्टपासून. त्याने काही बिघडत नाही. ११,९०० वाला आकडा येतो तो भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी लावून, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून सरळ गेलात तर जेवढं पडेल तेवढं. नकाशात ती रेघ सरळ दिसते म्हणून ती छोटी वाटते, खरं तर ती साडेआठशे किमी जास्त आहे, विमानाच्या भाषेत जवळजवळ एक तास.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक सिडनीवर दुसरं जोहान्सबर्गवर, आणि ताणा. दोरा ऑस्ट्रेलियावरून पर्थकडे जाणारच नाही, तो खाली घसरेल, दक्षिणेला. सिडनी ३४ अंश दक्षिणेला, जोहान्सबर्ग २६ वर, पण दोऱ्याचा मधला भाग ५० अंशांच्याही थोडा खाली जातो, तिकडे कर्ग्युलेन नावाची फ्रेंच बेटं आहेत त्यांच्या आसपास. त्या बेटांवर संशोधन केंद्र सोडलं तर कायमची वस्ती नाही. म्हणजे निम्मा प्रवास अशा भागावरून की जिथे खाली फक्त पाणी, तेही थंडगार.

वेळेतला फरक वाऱ्यामुळे, पण त्यावर इथे माझ्यापेक्षा जास्त माहिती असणारे आहेत, त्यांना बोलावते. @टेकऑफ_दादा या हो.

---

टेकऑफ_दादा

आलो आलो. मी विमान कंपनीत ऑपरेशन्सच्या बाजूला काम केलंय, फ्लाइट प्लॅन बनवायच्या टेबलाजवळ, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवणं अवघड जातं, आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट, विमानाचा वेग म्हणजे हवेतला वेग. आजकालची मोठी विमानं, ड्रीमलायनर घ्या किंवा ए३५० घ्या, उंचीवर गेल्यावर आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पटीने जातात, साधारण ९०० किमी ताशी. हा वेग जाताना येताना सारखाच असतो, कोणी हळू वगैरे चालवत नाही. पण ती हवाच जर वाहत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग बदलतो. नदीत पोहल्यासारखं आहे, हात तेवढेच मारायचे पण प्रवाहाबरोबर गेलात तर काठावरची झाडं भराभर मागे जातात आणि उलटं गेलात तर एकच झाड किती वेळ शेजारी दिसत राहतं.

आता या रूटवरचा प्रवाह कुठला तर जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड, या तापमानाच्या फरकामुळे साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे नेमकं विमानं उडतात त्याच उंचीवर, जोराचे वारे तयार होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वळतात. (म्हणजे @रिकामा_वेळ यांची पृथ्वी फिरते खरी आणि तिचा संबंधही आहे, पण असा आडवळणाने.) ताशी दीडशे दोनशे किमी नेहमीचं, जोरात असेल तर तीनशेच्या वरही जातो. उत्तर गोलार्धात पण तसंच आहे, फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ५ तासांच्या आत पोचलं होतं, ४ तास ५६ मिनिटं, एरवी त्याला साडेसहा तास धरतात.

दक्षिणेत गंमत ही की ४० ते ६० अंशांच्या पट्ट्यात जमीनच नाही फारशी. दक्षिण अमेरिकेचं टोक, न्यूझीलंडचा बराचसा भाग, टास्मानिया, बाकी गोल फिरून जवळजवळ सगळा समुद्र, वाऱ्याला अडवायला कोणी नाही. आणि तुमचं ग्रेट सर्कल त्याच पट्ट्यातून जातं. त्यात जुलै, म्हणजे तिकडचा हिवाळा, तापमानाचा फरक वाढलेला, वारे अजून तगडे.

हिशोब करून दाखवतो, सोपे आकडे घेऊ. ११,००० किमी, वेग ९००, वारा नसेल तर १२ तास १३ मिनिटं. तुमच्या साईटचा साडेबारा तासांचा आकडा इथून येतो, ती अंतराला एका ठराविक वेगाने भागते, वर थोडी मिनिटं टाकते आणि छापून मोकळी होते, वाऱ्याचा तिला पत्ताच नसतो. आता सरासरी ९० चा समोरचा वारा धरा, जमिनीवरचा वेग ८१०, वेळ १३ तास ३५. मागून ९० चा वारा, वेग ९९०, वेळ ११ तास ७. दोन्हीत अर्धा तास टॅक्सी, टेकऑफ, लँडिंगचा घाला कारण तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंत असते, हवेतली नसते. आले ना तुमचे १४ आणि पावणेबाराच्या जवळपास?

अजून एक बघा यात. येताना जेवढं मिळालं तेवढंच जाताना गेलं असं होत नाही. समोरच्या वाऱ्याने ८२ मिनिटं खाल्ली, मागच्याने ६६ च परत दिली. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून असता. त्यामुळे वारा दोन्ही बाजूंना सारखा असला तरी जाऊन येऊन मिळून तोटाच.

---

गोंधळलेला_प्रवासी

वा, हे एकदम डोक्यात शिरलं. पण मग एक शंका, समोरून वारा आहे हे माहीतच आहे तर जाताना त्या वाऱ्यातूनच का जायचं? वरून जा खालून जा, दुसरा रस्ता घ्या.

---

टेकऑफ_दादा

घेतातच! तेच तर काम असतं फ्लाइट प्लॅनवाल्यांचं. या रूटवर दोन्ही बाजूंचा रस्ता एक नसतो. येताना विमान वारा जिथे सगळ्यात चांगला तिथे जाऊन त्यावर स्वार होतं, त्यासाठी थोडं वाकडं जावं लागलं तरी चालतं. जाताना वारा टाळायचा असतो, तेव्हा कधी उत्तरेने पर्थच्या बाजूने, कधी उलट अजून दक्षिणेला, ६० अंशांच्याही खाली, जेट स्ट्रीमच्या पलीकडून. अंतर पाच सातशे किमी वाढतं पण वेळ वाचतो. रोज हवामानाचा नवीन अंदाज येतो, रोज रस्ता नवीन. म्हणून ११,०४० हा आकडा कागदावरचा, विमान प्रत्यक्षात तेवढंच कापेल असं नाही, जाताना तर जवळजवळ नेहमीच जास्त.

आणि सगळ्यात छोट्या अंतराला तसा अर्थ नसतो आमच्या लेखी, सगळ्यात कमी इंधनाच्या रस्त्याला असतो. हे लोकांना पटवणं फार कठीण, स्क्रीनवर वाकडी रेघ दिसली की शेजारचा प्रवासी म्हणणारच की पायलट रस्ता चुकला.

---

सहज_सुचलं

मी गेलेय या फ्लाइटने. स्क्रीनवर विमानाचं चित्र अंटार्क्टिकाच्या बाजूला एवढं सरकलं होतं की माझ्या शेजारच्या काकांनी खरंच एअर होस्टेसला बोलावून विचारलं 😂 ती हसली, तिला सवय असणार.

---

नकाशावेडी

मला या रूटबद्दल आवडणारी गोष्ट म्हणजे हे सगळं शिडाच्या जहाजवाल्यांना आधीच माहीत होतं. १६११ मध्ये हेंड्रिक ब्राउवर नावाच्या डच माणसाने आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातल्यावर सरळ जावाकडे न जाता आधी दक्षिणेला उतरून, तो जोराचा पश्चिमी वारा पकडून पूर्वेला जायचं आणि मग उत्तरेला वळायचं असा रस्ता काढला, प्रवासाचा वेळ खूपच कमी झाला. ४० अंश दक्षिणेपलीकडच्या या वाऱ्यांना गर्जणारे चाळीस म्हणून भूगोलाच्या पुस्तकात असायचं बघा, तेच. नंतर इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाणारी क्लिपर म्हणजे वेगवान शिडाची जहाजंही जाताना याच बाजूने यायची. आणि परत जाताना? बहुतेक त्या वाटेने परत जायचीच नाहीत! तसंच पूर्वेकडे पुढे जाऊन दक्षिण अमेरिकेच्या केप हॉर्नला वळसा घालून घरी. म्हणजे समोरच्या वाऱ्याशी भांडण्यापेक्षा अख्ख्या पृथ्वीची प्रदक्षिणा त्यांना परवडत होती. आपण दोन तास जास्त लागतात म्हणून इथे धागा काढतोय.

(अर्थात ते समुद्रावरचे वारे, जेट स्ट्रीम वर १० किमीवर, दोन्ही एकच नाहीत, पण दिशा तीच आणि मुळाशी असलेलं कारणही बरंचसं तेच. टेकऑफ_दादांनी कान धरायच्या आधी स्वतःच लिहून टाकते.)

आणि विमानाच्या सुरुवातीच्या काळात तर हा रूट दक्षिणेने जातच नव्हता. १९५२ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने सिडनी ते जोहान्सबर्ग सुरू केलं तेव्हा पर्थ, मग कोकोस बेटं, मग मॉरिशस असं थांबत थांबत, पंख्याची कॉन्स्टेलेशन विमानं, इंधन पुरायचं नाही म्हणून बेटांवरून उड्या मारत. वॉलबी रूट म्हणायचे त्याला.

---

रिकामा_वेळ

ठीक आहे, पृथ्वी राहू द्या. मग मधल्या भागात एखादं इंजिन बंद पडलं तर उतरणार कुठे? खाली तर काहीच नाही म्हणताय.

---

टेकऑफ_दादा

हा खरा चांगला प्रश्न विचारलात. दोन इंजिनांच्या विमानांना नियम असतो, एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर ठराविक मिनिटांत कुठल्यातरी एअरपोर्टवर पोचता आलं पाहिजे. पूर्वी ६० मिनिटांची मर्यादा होती, १९८५ पासून १२० ला परवानगी मिळाली, मग १८०, आणि आता ड्रीमलायनरसारख्या विमानांना ३३० मिनिटांपर्यंत मंजुरी आहे, ए३५० ला तर ३७०. विमानाला मंजुरी असली तरी कंपनीला वेगळी घ्यावी लागते, मेंटेनन्स आणि ट्रेनिंग दाखवून.

दक्षिण हिंदी महासागर या नियमासाठी जगातला सगळ्यात अवघड कोपरा. पश्चिमेला मॉरिशस, रियुनियन, पूर्वेला पर्थ, मध्ये शून्य. म्हणून वर्षानुवर्षं या रूटवर चार इंजिनांचं ७४७ च असायचं, त्याला दक्षिणेला हवं तेवढं उतरायची मोकळीक जास्त. २०२० मध्ये क्वांटासची ७४७ निवृत्त झाली, त्यानंतर इथे दोन इंजिनांचं ड्रीमलायनर पण उडालं आणि चार इंजिनांचं ए३८० पण. दोन इंजिनवाल्याला मंजुरी जेवढ्या मिनिटांची असेल तेवढंच दक्षिणेला जाता येतं, मग वारा चुकवायचा पर्याय कमी होतो आणि वेळ थोडा वाढू शकतो. चार इंजिनवाल्याला तशी आडकाठी कमी.

आणि घाबरू नका, आधुनिक इंजिन हवेत बंद पडणं अतिशय दुर्मिळ आहे, म्हणून तर मिनिटं वाढवत नेली.

दुसरी अडचण जोहान्सबर्गची, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. तो एअरपोर्ट १,६९४ मीटर उंचीवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा पंधरा टक्क्यांच्या आसपास विरळ, त्यात दुपार तापलेली असली की अजून विरळ. पंखांना उचल कमी, इंजिनांना हवा कमी, टायर जमिनीवर जास्त वेगाने धावणार. म्हणून तिथला मोठा रनवे ४,४०० मीटरपेक्षा लांब आहे आणि तरीही भरगच्च इंधन, भरगच्च माल घेऊन उडायला मर्यादा येतात. आता विचार करा, लांबचा समोरच्या वाऱ्याचा प्रवास जर जोहान्सबर्गहून सुरू झाला असता तर सगळ्यात जास्त इंधन सगळ्यात अवघड एअरपोर्टवरून उचलावं लागलं असतं. इथे निसर्गाने उपकार केलेत, जड विमान सिडनीच्या समुद्रसपाटीवरून उडतं आणि हलकं जोहान्सबर्गहून. सिडनीची वेळ सकाळची आणि तिकडची संध्याकाळची, त्यात बाकी कारणं असतीलच, पण संध्याकाळी हवा गार झालेली असते हे सोयीचंच.

---

खवचट

सपाट पृथ्वीवाल्यांना ही फ्लाइट दाखवा कोणीतरी. त्यांच्या नकाशात उत्तर ध्रुव मध्यभागी आणि अंटार्क्टिका कडेने कुंपण असतं, त्या हिशोबाने सिडनी ते जोहान्सबर्ग २३ हजार किमीच्या वर भरतं. पावणेबारा तासांत पोचायचं तर ताशी २,००० ने उडवावं लागेल, म्हणजे तीनशे माणसं, सूटकेसा आणि चिकन का पास्ता विचारणाऱ्या ट्रॉलीसकट आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानाच्या जवळपास. त्यांचं उत्तर ठरलेलं आहे, ही फ्लाइट अस्तित्वातच नाही. गोंधळलेला_प्रवासी, तुम्ही जिचं तिकीट काढताय ती फ्लाइटच नाहीये, पैसे वाचले.

---

सहज_सुचलं

😂😂

बरं, टाईम झोनची एक ट्रिक सांगते, मला खूप उपयोगी पडते. घड्याळातला फरक माहीत नसला तरी चालतं. दोन्ही बाजूंचे घड्याळी तास नुसते बेरीज करा, जाताना ६ आणि येताना पावणेवीस, मिळून पावणेसव्वीस. एकीकडे झोनचे जेवढे तास वजा झाले तेवढेच दुसरीकडे मिळवले जातात, त्यामुळे बेरजेत ते उडून जातात. म्हणजे जाऊन येऊन पावणेसव्वीस तास खरोखरचे सीटवर. निम्मे केले की सरासरी १२ तास ५२ मिनिटं. कुठल्याही दोन शहरांना चालतं, फक्त दोन्ही तिकिटं एकाच सीझनची पाहिजेत.

सीझनचं का म्हटलं तर सिडनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं, दक्षिण आफ्रिकेत असलं काही नाही. म्हणून जुलैत फरक ८ तास, डिसेंबरमध्ये ९. जाताना एका सीझनमध्ये आणि येताना दुसऱ्यात असं असेल तर बेरीज तासाभराने फसते.

---

गोंधळलेला_प्रवासी

ट्रिक भारी आहे, सेव्ह केली. आता प्रॅक्टिकल प्रश्न. जोहान्सबर्गला उतरून पुढे केपटाऊनची फ्लाइट घ्यायची आहे. दुपारी ४ ला पोचणार असेल तर साडेपाचची घेऊ का? वेगळं तिकीट आहे. आणि मला पर्थमार्गे पण एक पर्याय दिसतोय, तो कसा?

---

टेकऑफ_दादा

साडेपाचची अजिबात घेऊ नका. वेगळं तिकीट म्हणजे इमिग्रेशन, बॅगा घ्या, परत चेक-इन करा, सगळं तुमच्या जबाबदारीवर, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही. पूर्वेकडे येणारी फ्लाइट लवकर पोचण्याची शक्यता बरी असते, पश्चिमेकडे जाणारीला वारा अंदाजापेक्षा जोरात निघाला तर भरून काढायला जागा नसते. वेग वाढवून फार मिळत नाही, इंधन मात्र बेसुमार जळतं. मी तरी चार तास ठेवीन, नाहीतर सरळ मुक्काम करून सकाळची.

आणि उशीर वाऱ्यामुळेच होतो असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये या रूटवरच्या क्वांटासच्या काही फ्लाइट्स चक्क स्पेसएक्सच्या रॉकेटमुळे उशिरा सुटल्या होत्या. रॉकेटचे तुकडे परत वातावरणात येतात तेव्हा पाडायला माणसं नसलेला समुद्र लागतो, तो नेमका दक्षिण हिंदी महासागरात, म्हणजे याच फ्लाइटच्या वाटेवर. पडण्याची वेळ बदलली की विमानाला थांबावं लागतं.

पर्थचं म्हणाल तर वाईट पर्याय नाही. सिडनी–पर्थ ३,३०० किमी धरा, पर्थ–जोहान्सबर्ग ८,३००, मिळून डायरेक्टपेक्षा पाच साडेपाचशे किमीच जास्त. फक्त जाताना वारा दोन्ही तुकड्यांना समोरूनच, पाच तासांच्या आसपास पहिला आणि अकरा तासांच्या आसपास दुसरा, शिवाय मधला वेळ. डायरेक्ट मिळत असेल तर डायरेक्टच घ्या. १४ तास एका जागी बसणं ज्यांना जमत नाही, गुडघे पाठ वगैरे, त्यांना मात्र मी पर्थच सुचवतो.

---

नकाशावेडी

डायरेक्ट घेतलीत तर खिडकी डावीकडची घ्या, नक्की. जाताना तुम्ही पश्चिमेला चाललेले असणार, म्हणजे डावीकडे दक्षिण, नशीब असेल तर समुद्रावरचा बर्फ दिसेल. सूर्य तिकडे उत्तरेला असतो, म्हणजे उजव्या बाजूला, डावीकडे डोळ्यांवर ऊन येत नाही. सकाळी १० ला निघून पश्चिमेला गेल्यामुळे दिवस लांबतो, दुपारचे ४ वाजतात तरी तुमचे १४ तास झालेले असतात. मधल्या भागात पोचाल तेव्हा खाली दुपारच असेल, जुलैचा दिवस तिकडे छोटा असला तरी.

---

सहज_सुचलं

+१ डावीकडची खिडकी. पंखाच्या मागची किंवा खूप पुढची बघा, पंखावर बसलात तर पंखच दिसेल. आणि बर्फाची खात्री कोणी देऊ नये, बहुतेक वेळ खाली ढगच असतात, मला मध्येच थोडा वेळ फट मिळाली तेवढ्यात पांढरे तुकडे दिसले पाण्यावर, आधी लाटांचा फेस वाटला मला. तेवढ्यात केबिनमध्ये झोपेची वेळ म्हणून खिडक्या बंद करायला सांगत होते, मी अर्धी बोटभर उघडी ठेवली.

---

टेकऑफ_दादा

समुद्रावरचा बर्फ सप्टेंबरपर्यंत पसरत जातो तिकडे, त्यामुळे जुलै त्या मानाने बरा. पण त्या दिवशी रस्ता दक्षिणेचा असेल तरच. उत्तरेने नेलं तर डावीकडे बसा नाहीतर उजवीकडे, पाणीच. आदल्या काही दिवसांचे रस्ते विमानं दाखवणाऱ्या ट्रॅकर ॲपवर बघून ठेवा, अंदाज येतो. मध्ये समुद्रावर सिग्नल नसला तर काही ॲप्स तुटक रेघ दाखवतात, ती नुसती अंदाजाने जोडलेली असते, तिच्यावर विसंबून सीट निवडू नका.

---

गोंधळलेला_प्रवासी

सीट बुक केली. डावीकडची, पंखाच्या मागे. केपटाऊनची सकाळची घेतली, रात्री एअरपोर्टजवळच राहणार. येतानाच्या फ्लाइटला पण काही साईड बघायची का?

---

खवचट

येताना रात्र. आईलची घ्या.